उत्तर आयर्लंड : करार झाला, भिंती उरल्या

बेलफास्ट शहराच्या पश्चिम भागात फॉल्स रोड आणि शँकिल रोड हे दोन रस्ते एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. एकावर कॅथलिकांची वस्ती, दुसऱ्यावर प्रॉटेस्टंटांची. या दोन वस्त्यांच्या मधून काँक्रीट, पत्रे आणि जाळ्यांची एक उंच भिंत जाते. तिला काही ठिकाणी लोखंडी फाटके आहेत. दिवसा ती उघडतात, रात्री बंद होतात. सप्टेंबर १९६९ मध्ये ब्रिटिश लष्कराने येथे पहिला अडसर उभारला, तेव्हा ही व्यवस्था अगदी तात्पुरती आहे, या शहरात बर्लिनसारखी भिंत आम्ही होऊ देणार नाही, अशी ग्वाही लष्करी सेनापतीने दिली होती. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली. बेलफास्टमधील भिंती मात्र आजही उभ्या आहेत आणि त्यांना 'पीस वॉल' म्हणजे शांततेच्या भिंती असे नाव आहे.

१० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी झालेल्या बेलफास्ट कराराने उत्तर आयर्लंडमधील तीस वर्षांचा रक्तपात थांबवला. जगातील यशस्वी शांतता करारांची यादी करताना अभ्यासक या कराराचे नाव हटकून घेतात, आणि ते योग्यच आहे. तथापि, या कराराने नेमके काय साधले आणि काय जाणीवपूर्वक बाजूला ठेवले, हे पाहिल्याशिवाय तेथील आजची परिस्थिती उलगडत नाही. माणसे मारणे थांबले. पण ज्यांची माणसे मारली गेली त्यांना काय सांगायचे, हा प्रश्न करारकर्त्यांनी पुढच्या पिढीवर सोडला. तो अद्याप सुटलेला नाही.

धर्माचे नाव, प्रश्न सत्तेचा

कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट असे या संघर्षाचे वर्णन केले जाते. परंतु हा वाद धर्मशास्त्राचा कधीच नव्हता. बेलफास्टमध्ये परदेशी पाहुण्यांना एक जुना विनोद ऐकवला जातो. रात्रीच्या अंधारात एका प्रवाशाला अडवून विचारतात, "तू कॅथलिक की प्रॉटेस्टंट?" तो म्हणतो, "मी ज्यू आहे." त्यावर पुढचा प्रश्न येतो, "ते ठीक. पण कॅथलिक ज्यू की प्रॉटेस्टंट ज्यू?" प्रश्न श्रद्धेचा नसून कोणत्या गटाचा, हा होता.

या गटांची मुळे सतराव्या शतकात आहेत. १६०९ पासून इंग्रज राजवटीने आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांतात स्कॉटलंड व इंग्लंडमधून प्रॉटेस्टंट वसाहतकरी आणून वसवले आणि मूळच्या कॅथलिक आयरिश लोकांच्या जमिनी त्यांच्याकडे गेल्या. १६९० मध्ये बॉइन नदीकाठी प्रॉटेस्टंट राजा विल्यम याने कॅथलिक राजा जेम्सचा पराभव केला. त्या विजयाच्या मिरवणुका आजही दर वर्षी १२ जुलैला निघतात आणि कोणत्या रस्त्यावरून निघाव्यात यावरून अनेकदा दंगली झाल्या आहेत. मिरवणुकीचा मार्ग हा किती स्फोटक विषय होऊ शकतो, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. दक्षिणेकडचा मोठा भाग स्वतंत्र होण्याच्या वाटेला लागला, तर ईशान्येकडचे सहा जिल्हे ब्रिटनकडेच राहिले. या सहा जिल्ह्यांत प्रॉटेस्टंटांचे बहुमत होते, किंबहुना तसे बहुमत राहील अशाच बेताने सीमा आखण्यात आली. ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणारे ते 'युनियनिस्ट' आणि संयुक्त आयर्लंड हवे असणारे ते 'नॅशनलिस्ट', अशी दोन राजकीय कुळे येथे पक्की झाली. पहिल्यात बहुतांश प्रॉटेस्टंट, दुसऱ्यात बहुतांश कॅथलिक. स्टॉरमाँट येथील प्रांतिक विधिमंडळावर पुढची पन्नास वर्षे एकाच पक्षाची, युनियनिस्टांची, सत्ता राहिली.

या सत्तेचा जाच कॅथलिकांना जाणवे तो नोकऱ्यांत, सरकारी घरांच्या वाटपात आणि मतदानात. स्थानिक निवडणुकांत घरमालक अथवा भाडेकरू म्हणून घरपट्टीच्या यादीत असलेल्यांनाच मत असे, त्यामुळे घर मिळणे म्हणजेच मत मिळणे होते. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असूनही प्रभागांची रचना अशी केलेली होती की पालिका युनियनिस्टांच्या हातून कधी सुटत नसे. जून १९६८ मध्ये कॅलेडन गावात अनेक कॅथलिक कुटुंबे रांगेत असताना एका अविवाहित प्रॉटेस्टंट तरुणीला सरकारी घर देण्यात आले आणि त्याविरोधात एका नॅशनलिस्ट आमदाराने त्या घरात ठिय्या दिला. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी डेरीत निघालेल्या नागरी हक्क मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि ते दृश्य दूरचित्रवाणीवरून जगभर गेले. आंदोलकांची मागणी होती ती 'एक माणूस, एक मत' एवढीच. ती वेळीच मान्य झाली असती, तर पुढचे बरेच काही टळले असते.

तीस वर्षे

ऑगस्ट १९६९ मध्ये डेरी व बेलफास्टमध्ये दंगली उसळल्या, बेलफास्टमध्ये रस्तेच्या रस्ते जळाले आणि ब्रिटिश लष्कर रस्त्यावर उतरले. प्रारंभी अनेक कॅथलिक घरांतून सैनिकांना चहा देण्यात आला, ही आज विश्वास बसू नये अशी गोष्ट आहे. वर्षभरातच हे चित्र पालटले. आयरिश रिपब्लिकन आर्मी, अर्थात 'आयआरए', नव्या जोमाने उभी राहिली, तर दुसऱ्या बाजूला प्रॉटेस्टंटांच्या 'लॉयलिस्ट' सशस्त्र टोळ्या. लष्कराची ही मोहीम ३१ जुलै २००७ रोजी, म्हणजे तब्बल ३८ वर्षांनी अधिकृतरीत्या संपली.

१९७२ हे सर्वांत भीषण वर्ष ठरले. ३० जानेवारी रोजी डेरीत निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर ब्रिटिश पॅराशूट पथकाने केलेल्या गोळीबारात १३ जण जागीच किंवा त्याच दिवशी मरण पावले, एकाचा काही महिन्यांनी मृत्यू झाला. हा 'ब्लडी संडे'. २१ जुलै रोजी 'आयआरए'ने बेलफास्टमध्ये तासाभरात सुमारे वीस बाँबस्फोट घडवून नऊ जणांचे बळी घेतले. हा 'ब्लडी फ्रायडे'. मार्चमध्येच लंडनने स्टॉरमाँटचे विधिमंडळ स्थगित करून थेट राजवट लादली होती. त्या एका वर्षात सुमारे ४८० माणसे मारली गेली. १७ मे १९७४ रोजी लॉयलिस्टांनी दक्षिणेतील डब्लिन व मॉनहन येथे घडवलेल्या स्फोटांत ३३ जणांचा बळी गेला.

या संघर्षाची झळ भारतापर्यंत पोहोचली ती २७ ऑगस्ट १९७९ रोजी. भारताचे अखेरचे व्हाइसरॉय आणि स्वतंत्र भारताचे पहिले गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन स्लायगो परगण्यातील मलाकमोर येथे मासेमारीसाठी निघाले असता 'आयआरए'ने त्यांची नौका स्फोटाने उडवली. त्यांच्याबरोबर त्यांचा कुमारवयीन नातू आणि नावेवर काम करणारा एक स्थानिक मुलगाही गेला, मुलीच्या सासूबाई दुसऱ्या दिवशी दगावल्या. भारत सरकारने सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला होता. त्याच दिवशी वॉरनपॉइंट येथे १८ ब्रिटिश सैनिक मारले गेले.

तीन दशकांत एकूण साडेतीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अवघ्या पंधरा-सोळा लाख वस्तीच्या प्रदेशात हा आकडा किती मोठा, याचा अंदाज करता येईल. मृतांपैकी निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. सुमारे ६० टक्के हत्या रिपब्लिकन गटांनी, ३० टक्के लॉयलिस्टांनी, तर १० टक्के लष्कर व पोलिसांनी केल्या, असा ढोबळ हिशेब मांडला जातो. हे आकडे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण आजच्या वादात प्रत्येक बाजू यातील आपल्या सोयीचा आकडा तेवढा उचलते.

वाटाघाटींची आडवाट

शांततेचे प्रयत्न आधीही झाले होते. डिसेंबर १९७३ च्या सनिंगडेल करारात दोन्ही समाजांचे संयुक्त मंत्रिमंडळ होते. मे १९७४ मध्ये लॉयलिस्ट कामगारांनी संप पुकारून वीजपुरवठा रोखला आणि ते सरकार काही महिन्यांतच कोसळले. १९९८ चा करार बऱ्याच अंशी त्याच मुद्द्यांवर बेतलेला होता. मधल्या चोवीस वर्षांत जे हजारो लोक मेले ते कशासाठी, असा प्रश्न यातून निघतो आणि तो कोणत्याच पक्षाला आवडत नाही.

१९७६ मध्ये बेटी विल्यम्स आणि मेरीड कॉरिगन या दोन महिलांनी उभारलेल्या 'पीस पीपल' चळवळीने हजारोंचे मोर्चे काढले. त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण बंदुका थांबल्या नाहीत. १९८१ मध्ये राजकीय कैद्यांचा दर्जा मागत बॉबी सँड्ससह दहा कैद्यांनी तुरुंगात उपोषण करून प्राण सोडले. त्यातून रिपब्लिकन चळवळीला निवडणुकीच्या राजकारणाची ताकद कळली, हा त्या घटनेचा दूरगामी परिणाम.

खरी वाट निघाली ती गुप्तपणे. बेलफास्टच्या क्लोनार्ड मठातील फादर ॲलेक रीड यांनी 'आयआरए'ची राजकीय शाखा असलेल्या शिन फेन पक्षाचे नेते जेरी ॲडम्स आणि अहिंसावादी नॅशनलिस्ट नेते जॉन ह्यूम यांच्यात संवाद घडवून आणला. मार्च १९८८ मध्ये एका अंत्ययात्रेत चुकून गाडी घुसलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने ओढून काढले आणि 'आयआरए'ने त्यांना गोळ्या घातल्या. रस्त्यात पडलेल्या त्या सैनिकांवर अंत्यसंस्काराची प्रार्थना म्हणणारे फादर रीड यांचे छायाचित्र गाजले. त्या वेळी त्यांच्या खिशात शिन फेनचा ह्यूम यांच्यासाठीचा प्रस्ताव होता. पाकिटाला रक्त लागले, तेव्हा त्यांनी पाकीट बदलले आणि निरोप त्याच दिवशी पोहोचवला. ॲडम्स यांच्याशी बोलतो म्हणून ह्यूम यांच्यावर स्वकीयांनीही टीकेची झोड उठवली होती.

आणखी एका माणसाचा उल्लेख आवश्यक आहे. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी एनिस्किलन गावात युद्धस्मारकाजवळ 'आयआरए'ने घडवलेल्या स्फोटात अकरा जण ठार झाले. कापडाचे व्यापारी गॉर्डन विल्सन हे ढिगाऱ्याखाली आपल्या वीस वर्षांच्या मुलीचा हात धरून होते. तिचा मृत्यू झाला. त्याच दिवशी दिलेल्या मुलाखतीत त्यांनी आपल्या मनात कोणाविषयी द्वेष नाही असे सांगितले, सूड घेऊ नका अशी विनवणी केली. त्यांचे शब्द ब्रिटन-आयर्लंडमध्ये घरोघरी ऐकले गेले. विल्सन यांच्या क्षमेचा गौरव नंतर इतका झाला की ज्यांना क्षमा करता आली नाही, त्या इतर कुटुंबांना अपराधी वाटावे अशी वेळ आली. ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

३१ ऑगस्ट १९९४ रोजी 'आयआरए'ने, ऑक्टोबरमध्ये लॉयलिस्टांनी शस्त्रसंधी जाहीर केली. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या कॅनरी वॉर्फ भागातील स्फोटाने ती मोडली, जुलै १९९७ मध्ये पुन्हा लागू झाली. अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या अध्यक्षतेखाली चर्चा सुरू होती. जानेवारी १९९८ मध्ये लॉयलिस्ट कैद्यांनी प्रक्रियेचा पाठिंबा काढून घेतला, तेव्हा उत्तर आयर्लंडच्या मंत्री मो मोलम थेट मेझ तुरुंगात गेल्या आणि खुनाच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्यांसमोर बसून त्यांची समजूत घातली. लंडनमध्ये त्यावर गहजब झाला. चर्चा मात्र वाचली.

करारात काय होते, काय नव्हते

कराराचा गाभा तीन गोष्टींत सामावला आहे. पहिली गोष्ट संमतीची. उत्तर आयर्लंडमधील बहुसंख्यांना वाटेल तोवर हा प्रदेश ब्रिटनचा भाग राहील. ज्या दिवशी बहुसंख्य लोक सार्वमताने आयर्लंडशी जोडले जाण्याचा कौल देतील, त्या दिवशी तो जोडला जाईल. दुसरी गोष्ट ओळखीची. येथे जन्मलेल्याला स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवण्याचा व दोन्ही पारपत्रे बाळगण्याचा हक्क मिळाला. तिसरी गोष्ट सत्तावाटपाची. मंत्रिमंडळात दोन्ही समाजांचे पक्ष त्यांच्या संख्याबळानुसार असतील, फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर यांचे अधिकार समान असतील आणि एकाने राजीनामा दिला तर दुसऱ्याचेही पद जाईल.

या रचनेत एक मेख आहे. निवडून आलेल्या प्रत्येक सदस्याला विधिमंडळात आपण 'युनियनिस्ट', 'नॅशनलिस्ट' की 'इतर' हे नोंदवावे लागते. महत्त्वाच्या निर्णयांना पहिल्या दोन्ही गटांची संमती लागते. म्हणजे ज्या दुहीमुळे रक्त सांडले, तिलाच घटनात्मक स्थान मिळाले. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य करावेच लागेल. पण २०२२ च्या निवडणुकीत 'इतर' गटातील अलायन्स पक्षाला ९० पैकी १७ जागा मिळाल्या, तेव्हा या विभागणीत न बसणाऱ्या मतदाराचे मत कमी मोलाचे का, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला.

शस्त्रे कधी टाकायची, यावर कराराची भाषा मुद्दाम संदिग्ध ठेवली होती. अखेरच्या दिवशी युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिंबल अडून बसले, तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी त्यांना एक स्वतंत्र पत्र दिले. प्रत्येक बाजूला आपल्याला हवा तो अर्थ काढता आला, म्हणून तर करार झाला! २२ मे १९९८ च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडमध्ये ७१ टक्के, दक्षिणेत ९४ टक्के मतदारांनी होकार दिला. ह्यूम आणि ट्रिंबल यांना त्या वर्षीचे शांततेचे नोबेल मिळाले.

सर्वांत कडू घोट होता कैद्यांच्या सुटकेचा. शस्त्रसंधी पाळणाऱ्या संघटनांचे चारशेहून अधिक कैदी दोन वर्षांत अटींवर सोडण्यात आले. त्यांत अनेक खुनांच्या शिक्षा भोगणारे होते. ज्याने आपल्या वडिलांना मारले तो बाजारात समोरून येताना पाहण्याची पाळी लहान गावांतील अनेकांवर आली. करारानंतर चारच महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९९८ रोजी, करार न मानणाऱ्या 'रिअल आयआरए'ने ओमा गावात स्फोट घडवला. २९ जण आणि एका गर्भवतीच्या पोटातील जुळी बाळे दगावली. तीस वर्षांतला उत्तर आयर्लंडमधील हा सर्वाधिक जीवितहानीचा एकच स्फोट. तरी करार टिकला.

हळूहळू बदललेले

पोलीस दलातील बदल हे कराराचे सर्वांत भरीव फलित मानावे लागेल. जुन्या पोलीस दलात कॅथलिकांचे प्रमाण जेमतेम ८ टक्के होते आणि या दलाचे तीनशेहून अधिक कर्मचारी संघर्षात मारले गेले होते. हाँगकाँगचे अखेरचे ब्रिटिश गव्हर्नर क्रिस पॅटन यांच्या आयोगाच्या शिफारशींनुसार नोव्हेंबर २००१ मध्ये नव्या नावाचे, नव्या चिन्हाचे दल अस्तित्वात आले आणि दहा वर्षे निम्मी भरती कॅथलिकांमधून झाली. प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास गेले.

२८ जुलै २००५ रोजी 'आयआरए'ने सशस्त्र लढा संपल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये कॅनडाचे जनरल जॉन द शास्तलँ यांच्या आयोगाने शस्त्रे निकामी केल्याची खात्री दिली. साक्षीदार होते एक मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि तेच फादर रीड.

मग २६ मार्च २००७ रोजी एक असे छायाचित्र प्रसिद्ध झाले की जुन्या जाणत्यांनाही डोळे चोळावेसे वाटले. प्रत्येक तडजोडीला आयुष्यभर 'नाही' म्हणणारे कडवे प्रॉटेस्टंट नेते इयान पेस्ली आणि जेरी ॲडम्स एकाच टेबलाशी बसले होते. दोघे शेजारी शेजारी दिसू नयेत, पण समोरासमोरही नकोत, म्हणून टेबलांची मांडणी शंकरपाळ्याच्या आकाराची करून त्यांना कोपऱ्याच्या दोन बाजूंना बसवले होते. मे महिन्यात पेस्ली फर्स्ट मिनिस्टर आणि 'आयआरए'चे माजी कमांडर मार्टिन मॅक्गिनेस त्यांचे डेप्युटी झाले. दोघांची गट्टी अशी जमली की माध्यमांनी त्यांना 'हसरे बंधू' ठरवले. २७ जून २०१२ रोजी बेलफास्टमध्ये राणी एलिझाबेथ यांनी मॅक्गिनेस यांच्याशी हस्तांदोलन केले. माउंटबॅटन हे राणीचे नातलग होते, हे लक्षात घेतले म्हणजे या हस्तांदोलनाचे मोल कळते.

वरच्या पातळीवर हे घडत असताना खालच्या पातळीवर फार थोडे बदलले. बहुतांश सरकारी वसाहती आजही एकाच समाजाच्या आहेत. १९८१ मध्ये २८ विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेल्या लागन कॉलेजपासून दोन्ही समाजांच्या एकत्र शाळांची चळवळ चालू आहे. तरी अशा शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच राहिले आहे. २०१३ मध्ये प्रांतिक सरकारने दहा वर्षांत सर्व भिंती हटवण्याचा संकल्प सोडला. २०२३ साल आले आणि गेले. भिंतीलगत राहणाऱ्या अनेकांनाच त्या नको आहेत, असे नाही. खिडकीवर दगड येण्याची भीती ज्यांनी अनुभवली, त्यांच्याकडून अधिक धाडसाची अपेक्षा करणे सोपे आहे.

सरकारही अखंड चालले नाही. २००२ ते २००७, २०१७ ते २०२० आणि २०२२ ते २०२४ असे मिळून आजवरच्या काळापैकी एक तृतीयांशाहून अधिक काळ सत्तावाटप ठप्पच होते. २०१७ मध्ये निमित्त झाले ते लाकडी इंधनाच्या अनुदान योजनेचे. इंधनाच्या किमतीपेक्षा अनुदान जास्त असल्याने लोक नुसतेच जाळत सुटले होते. त्यामागे आयरिश भाषेच्या कायद्याचा वादही होता. २०२२ चा पेच ब्रेक्झिटमधून आला. २०१६ मध्ये उत्तर आयर्लंडमधील सुमारे ५६ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला होता. बाहेर पडल्यावर मालाची तपासणी आयर्लंडच्या भूसीमेवर करायची की समुद्रात, असा प्रश्न उभा राहिला. समुद्रात करायचे ठरले आणि आपण ब्रिटनपासून तोडले जात आहोत, अशी युनियनिस्टांची भावना झाली. एप्रिल २०२१ मध्ये बेलफास्टच्या लॅनार्क वे फाटकाजवळ बस जळली, दोन्ही बाजूंनी पेट्रोल बाँब फेकले गेले. फेकणाऱ्यांत करारानंतर जन्मलेली मुले होती. दोन वर्षांपूर्वीच, १८ एप्रिल २०१९ रोजी, डेरीतील दंगलीचे वार्तांकन करताना २९ वर्षांच्या पत्रकार लायरा मकी बंडखोर रिपब्लिकन गटाच्या गोळीला बळी पडल्या होत्या. करारानंतरच्या पिढीतील आत्महत्यांवर त्यांनी आवर्जून लिहिले होते.

३ फेब्रुवारी २०२४ रोजी शिन फेनच्या मिशेल ओ'नील फर्स्ट मिनिस्टर झाल्या. प्रॉटेस्टंट बहुमत टिकावे म्हणून आखलेल्या प्रदेशाच्या प्रमुखपदी प्रथमच नॅशनलिस्ट व्यक्ती आली. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७ टक्के, तर प्रॉटेस्टंट व इतर ख्रिस्ती पार्श्वभूमीचे ४३.५ टक्के नोंदले गेले होते.

बळी कोणाला म्हणायचे?

आता मूळ प्रश्न. दक्षिण आफ्रिकेप्रमाणे सत्यशोधन आयोग उत्तर आयर्लंडमध्ये कधी नेमला गेला नाही. जानेवारी २००९ मध्ये माजी आर्चबिशप रॉबिन ईम्स आणि माजी धर्मगुरू डेनिस ब्रॅडली यांच्या समितीने एक व्यापक अहवाल दिला. त्यातील बाकीच्या शिफारशी बाजूला पडल्या आणि एकाच गोष्टीवर वादळ उठले : संघर्षात मेलेल्या प्रत्येकाच्या जवळच्या नातेवाइकांना १२ हजार पौंड द्यावेत. प्रत्येकाच्या, म्हणजे बाँब पेरताना स्वतःच उडालेल्याच्याही. ऑक्टोबर १९९३ मध्ये शँकिल रोडवरील मासळीच्या दुकानात झालेल्या स्फोटात नऊ निरपराधांबरोबर एक बाँब पेरणाराही मेला होता. त्याच्या आईचे दुःख आणि इतरांच्या आयांचे दुःख एका तराजूत घालायचे का? समितीचे म्हणणे, आईचे अश्रू सारखेच. शँकिल रोडवरच्या कुटुंबांना ते पटणे शक्य नव्हते. प्रस्ताव गुंडाळण्यात आला. संघर्षात कायमचे अपंगत्व आलेल्यांचे निवृत्तिवेतनही याच व्याख्येच्या वादात वर्षानुवर्षे अडकले आणि त्यासाठीचे अर्ज २०२१ मध्ये कुठे खुले झाले.

मर्यादित यश आले ते 'बेपत्ता' केलेल्यांच्या शोधात. 'आयआरए' व तत्सम गटांनी खबरे ठरवून मारलेल्या आणि गुपचूप पुरलेल्या व्यक्तींचा शोध घेण्यासाठी १९९९ मध्ये ब्रिटन व आयर्लंडने संयुक्त आयोग नेमला. त्याला दिलेली माहिती कोणत्याही खटल्यात वापरता येत नाही. दहा मुलांची विधवा आई जीन मॅकॉनव्हिल यांना डिसेंबर १९७२ मध्ये घरातून उचलून नेले होते. त्यांचे अवशेष २००३ मध्ये एका समुद्रकिनाऱ्यावर मिळाले. बहुतेकांचे अवशेष सापडले, काहींचा शोध अजून चालू आहे. पण या व्यवस्थेत न्याय सोडून दिल्यावरच मृतदेह मिळतो, हेही खरे.

न्यायाच्या वाटेने गेलेल्यांचा अनुभव ब्लडी संडेच्या कुटुंबांना विचारावा. १९७२ च्या पहिल्या चौकशीने सैनिकांना बव्हंशी दोषमुक्त केले होते. जानेवारी १९९८ मध्ये लॉर्ड सॅव्हिल यांची नवी चौकशी सुरू झाली, तिला बारा वर्षे आणि १९ कोटी पौंडांहून अधिक खर्च लागला. १५ जून २०१० रोजी अहवाल आला : मारले गेलेले कोणीही धोका निर्माण करत नव्हते. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली, डेरीच्या चौकात जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौकशी आयोग म्हणजे बासनात गेलेला अहवाल, असे मानण्याची सवय असलेल्यांना हे अपूर्वच वाटेल. मात्र त्यानंतर 'सोल्जर एफ' या सांकेतिक नावाच्या एका माजी सैनिकावर खटला चालला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुराव्याअभावी न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली.

२०२३ मध्ये लंडनने एका कायद्याने हा विषय कायमचा मिटवू पाहिला. जुन्या प्रकरणांतील मृत्युचौकशा आणि दिवाणी दावे थांबवायचे, त्याऐवजी एका नव्या आयोगाला सत्य सांगणाऱ्यास अभय द्यायचे, अशी ती योजना. एरवी कशावरही एकमत न होणारे उत्तर आयर्लंडमधील सर्व प्रमुख पक्ष या कायद्याच्या विरोधात उभे राहिले. आयर्लंडच्या सरकारने ब्रिटनला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात खेचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने अभयाची तरतूद मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने कायदा बदलण्याचे आश्वासन दिले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी नवा संयुक्त आराखडा जाहीर केला आणि ऑक्टोबरमध्ये त्याबाबतचे विधेयक ब्रिटिश संसदेत मांडले गेले. त्यात माजी सैनिकांना संरक्षण किती आणि कुटुंबांना कागदपत्रे किती, यावर लगेचच वाद सुरू झाला. १९७२ मध्ये विशीत असलेले साक्षीदार आता सत्तरी ओलांडून गेले आहेत.